दर आणि दरी

स्पेनमधल्या गॅलिसियाच्या किनाऱ्यावर अर्नेला नावाचं गाव आहे, तिथं साबेला राहायची. वय सत्तरीला टेकलेलं. आयुष्यभर तिनं मासेमारीची फाटलेली जाळी शिवली. काम सुटून बरीच वर्षं झाली, पण बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे शाळेच्या फुटबॉलच्या गोलाची जाळी, कुणाच्या वाटाण्याच्या वेलांची जाळी, असं काही ना काही मांडीवर घेऊन ती वरच्या मजल्यावरच्या काचेच्या गॅलरीत बसलेली असे. समोर खाडी. धुकं आलं की शिंपले वाढवायचे तराफे, होड्या, पलीकडचा डोंगर एकेक करून पुसले जात, आणि मग आपली गॅलरीच कुठंतरी निघालीय असं तिला वाटे.

अशाच एका धुक्याच्या सकाळी वीज कंपनीचं पत्र आलं. सवलतीचं वर्ष संपलं, पुढच्या महिन्यापासून नवा दर लागू, आपण आमचे जुने ग्राहक आहात याचा आम्हाला आनंद आहे.

"आनंद होणारच मेल्यांना," साबेला पत्राला म्हणाली. पत्र तिनं घडी करून पिशवीत टाकलं आणि गुरुवारी नगरपालिकेत गेली. तिथं ग्राहकांच्या तक्रारींसाठी दर गुरुवारी देल्फिना नावाची बाई बसायची. चाळिशीची, कायम थंडी वाजणारी, गळ्यात मफलर आणि टेबलावर संत्र्यांच्या साली.

"बिल आणलंत, सेन्योरा साबेला? सगळी पानं? पहिलं पान नुसतं नटवलेलं असतं. खरं काय ते मागं लपवतात."

साबेलानं सगळी पानं काढून दिली. देल्फिनानं ती वाचली, संगणकावर काहीबाही भरलं, आणि तीन कंपन्यांचे दर समोर मांडले. एकीचा दर दिवसभर सारखाच. दुसरीचा तासागणिक बदलणारा. तिसरी म्हणत होती, दिवसातले दोन तास तुम्ही सांगाल ते फुकट, बाकीचे मात्र महाग.

"यात स्वस्त कुठली?"

"ते तुमच्यावर आहे. तुम्ही वीज वापरता केव्हा?"

"अंधार पडला की."

देल्फिना हसली. मग तिनं एका कागदाच्या पाठीवर डोंगराची रेघ काढली. "हे बघा. सकाळी दहापासून जेवणाच्या वेळेपर्यंत शिखर. तेव्हा सगळा देश वीज ओढतो, म्हणून महाग. दुपारी जरा उतरलं की सपाटी, सकाळी दहाच्या आधीही तीच. संध्याकाळी पुन्हा शिखर. आणि रात्री सगळे झोपले की दरी. दरीत सगळ्यात स्वस्त. शनिवार, रविवार आणि सणाचे दिवस, अख्खे दरीत."

"म्हणजे रविवारी प्रार्थनेला जाते ती मी दरीतून जाते?"

"घरी ओव्हन चालू ठेवून गेलात तर."

"आणि तुम्ही कुठं राहता, शिखरावर?"

"मला दोन पोरं आहेत, सेन्योरा. मी कड्यावर लोंबकळते. आठवडाभर लक्ष ठेवा, कशाला कधी हात लावता ते. मग या."

साबेलानं मनावर घेतलं. तिला अशा कामाची खोड होतीच. जाळ्यातलं भोक कुठून सुरू होतं ते आधी बघायचं, मग सुई घालायची. सकाळी कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवताना ती क्षणभर थांबे आणि मनाशी म्हणे, अजून सपाटीवर आहोत. दहाचा टोला पडला की चढण सुरू. मग हात आपोआप जड होत, इस्त्री उचलावीशी वाटत नसे. भर शिखरावर ती काहीच करायची नाही. गॅलरीत बसून खाली बघायची, जणू खरंच उंचावर आलीय आणि दम घेतेय. दुपारी कुठंतरी वारा पडावा तसा दिवस खाली उतरायचा. इतकी वर्षं दिवस आपल्याभोवतीनं जात होता, आता आपण दिवसातनं चालतोय, असं तिला वाटू लागलं. शनिवार उजाडला तेव्हा तिला खरोखर हिरवी, ओली, चहूबाजूंनी झाडी असलेली जागा दिसली आणि त्या झाडीत आपलं वॉशिंग मशीन गुरगुरतंय असं ऐकू आलं.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात झाली. स्वतःच्या विजेकडं लक्ष द्यायला गेली, तर तिला खालच्या मजल्याची वीज ऐकू येऊ लागली.

खाली आमारो राहायचा. तो तिचा नवरा. आमारोचा जन्म बोटीवरच गेला. आयर्लंडच्या पलीकडच्या समुद्रात मासेमारीच्या मोठ्या जहाजावर तो इंजिन सांभाळायचा. महिनोन्‌महिने बाहेर, थोडे दिवस घरी, की पुन्हा बाहेर. त्या थोड्या दिवसांत घरात सण असे. मग तो कायमचा किनाऱ्यावर आला, आणि सणाला कुणी रोज राहायला आल्यासारखं झालं. त्यानं भांड्यांच्या जागा बदलल्या. दारं वाजतात म्हणून बिजागऱ्यांना तेल घातलं. साबेलाला दारांचा तो आवाज सोबतीला लागायचा, हे त्याला कोण सांगणार? ना भांडण, ना तिसरं माणूस. दोघं एकमेकांना नुसती सारखी धडकायची. दोन हिवाळे असे काढल्यावर एका सकाळी तो म्हणाला, "खालचा मजला रिकामाच आहे." ती म्हणाली, "ओल आहे तिथं." तो म्हणाला, "ओल मला नवी नाही." पूर्वी तिथं दारूची पिंपं आणि डुक्कर असे. त्यानं जमीन केली, चूल मांडली, स्वतःचं वेगळं वीज मीटर घेतलं. मधल्या जिन्याचं दार लोटलं गेलं. बागेत भेटली की दोघं बोलत, हवेबद्दल, मुलीबद्दल. त्यापलीकडं नाही.

आता मात्र साबेला कान देऊन बसली आणि तिला कळलं, याचा अख्खा दिवस आपल्याला पाठ आहे. सकाळी त्याचा रेडिओ. मग पाणी तापवायच्या किटलीची घुरघुर. जेवणाआधी ड्रिलचा आवाज, भर शिखरावर, काय हा उधळेपणा! दुपारी हीटरची टकटक, आणि हीटर बंद झाला की त्याची झोप. झोपेला आवाज नसतो, पण तीसुद्धा तिला वरून कळत होती.

पुढच्या गुरुवारी देल्फिनानं सगळा हिशेब घातला आणि पेन खाली ठेवलं.

"एक सांगू का? तुम्ही विजेला हातच लावत नाही. निम्म्याहून जास्त बिल स्थिर आकाराचं आहे. मीटर आहे म्हणून, एवढा भार मंजूर आहे म्हणून. कंपन्या बदलत बसलात तरी तो काही सुटत नाही. एकट्या माणसाला तो जडच."

"एकटी कुठं, खाली त्याचं वेगळं मीटर आहे ना."

"कोणाचं?"

"नवऱ्याचं. म्हणजे होता. म्हणजे, आहे. पण खाली."

देल्फिनानं संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. "एकाच घराला दोन मीटर? मग सगळ्यात स्वस्त काय ते सांगते. एक काढून टाका."

"अहो, तो माझा कोणी नाही!"

"वीज लग्नाचा दाखला मागत नाही, सेन्योरा. फक्त वायर मागते."

साबेला घरी आली ती रागातच. कसला राग ते तिला नीट कळत नव्हतं. दोन दिवस तिनं जाळ्याच्या गाठी घातल्या आणि उसवल्या. मग बागेत उतरली. आमारो वाकून शलजमाची रोपं लावत होता.

"भर थंडीत लावतोस?"

"थंडीच लागते त्यांना. पाल्याला चव येते." तो सरळ झाला नाही.

तिनं एका दमात सगळं सांगितलं. शिखर, सपाटी, दरी, स्थिर आकार, एक मीटर. सांगता सांगता तिला स्वतःचंच हसू येऊ लागलं, पण तिनं ते दाबलं. आमारोनं हातातली माती झाडली.

"भार किती मिळेल?"

"एका घराला मिळतो तेवढाच. तुझा ओव्हन आणि माझा ओव्हन एका वेळी नाही चालणार."

"माझ्याकडं ओव्हन नाही."

"हीटर आहे ना. दुपारभर टकटकतो."

त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "तुला ऐकू येतो?"

"मला बहिरी समजतोस काय? ते ड्रिलसुद्धा. शिखरावर चालवतोस तू, ठाऊक आहे? सगळा देश तेव्हा वीज ओढत असतो."

"मी देशाला विचारून भोक पाडत नाही," आमारो म्हणाला. मग तो रोपांभोवतीची माती दाबू लागला. "जहाजावर एकच जनरेटर असायचा. आचारी ओव्हन लावायच्या आधी खाली इंजिनात ओरडून सांगायचा. नाही सांगितलं तर मी वर जाऊन त्याला शिव्या द्यायचो."

"मला शिव्या द्यायला वर येऊ नकोस."

"मग ओरडून सांगत जा," तो म्हणाला, आणि पुढचं रोप उचललं. तो होकार होता, हे तिला जिना चढताना कळलं.

फिस नावाचा वायरमन आला, खालचा मजला वरच्या बोर्डाला जोडून दिला, खालचं मीटर कंपनीनं काढून नेलं. वायर जिन्यातनं गेली. फिसनं लोटलेलं दार उघडलं तेव्हा ते कुरकुरलं, इतक्या वर्षांत तेल सुकून गेलं होतं. तो निघताना साबेला दार लावायला गेली.

"लावू नका, सेन्योरा," फिस म्हणाला. "मेन स्विच तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मेन पडला तर त्या म्हाताऱ्यानं अंधारात काय भिंतीवर डोकं आपटायचं? दार उघडं राहू द्या, ऐकू तरी जाईल."

देल्फिनानं तासागणिक दराचीच कंपनी निवडून दिली. करार साबेलाच्या नावावर झाला.

मेन पडला तो पहिल्याच शनिवारी. दरीचा दिवस म्हणून तिनं ओव्हन लावला, मशीन लावलं, आणि खाली आमारोनंही दरीचा दिवस म्हणूनच हीटर लावला. टक्‌ असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. रेडिओ, फ्रिज, मशीनमधलं पाणी. घरात एवढी शांतता याआधी कधी आलीच नव्हती. काचांवर धुकं टेकलेलं, उजेड दुधासारखा, आणि त्या उजेडात साबेला पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. आपण पाण्याखाली आहोत, वरून होड्या जाताहेत आणि कुणालाही आपली घाई नाही, असं काहीसं तिला वाटलं. मेन स्विच हातभर अंतरावर होता. तिनं तो लगेच उचलला नाही.

खालून आवाज आला, "साबेला?"

तिचं नाव त्या जिन्यातनं वर आलं. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "ओव्हन लावला होता मी."

"मी हीटर."

"मग बंद कर. एम्पनाडा आहे आत, माशाचं सारण भरलेली. अर्धवट राहिली तर चिखल होईल."

"करतो. झाली की सांग."

हळूहळू बोलण्याची पद्धतच पडली. ती जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणे, "इस्त्री करतेय!" तो म्हणे, "कर, माझा फक्त रेडिओ आहे." तो ओरडे, "अंघोळीला पाणी तापवू का?" ती म्हणे, "थांब, मशीन पिळतंय." कधी कधी त्यात जास्तीचा एखादा शब्द मिसळे. मशीन पिळतंय, आणि उशियाचा फोन होता. हीटर लावतो, आणि शलजमाला गोगलगाय लागलीय. उशिया त्यांची मुलगी, कोरुन्या शहरात असते. समोरासमोर बसून ज्या गोष्टी तोंडातनं निघत नसत त्या जिन्यातनं सहज खाली जात आणि सहज वर येत.

एकदा दुपारी तिनं ओव्हन लावतेय म्हणून सांगितलं. आमारो खालून म्हणाला, "लाव. मी झोपतोय. गार आहे आज, पाय झाकून बस. काम्बिओ."

मग खाली खाट एकदम करकरली. तोंडातनं काय गेलं ते त्यालाही कळलं असावं.

साबेला पायरीवर बसली. तो जहाजावर असायचा तेव्हा रविवारी किनाऱ्याच्या रेडिओवरनं त्याचा आवाज यायचा. एकानं बोलायचं, शेवटी म्हणायचं 'काम्बिओ', म्हणजे आता तुझी पाळी, की मग दुसऱ्यानं. मधे बोललं तर दोघांचंही बुडायचं. सगळी जहाजं, सगळ्या गावच्या बायका ते ऐकत असत, म्हणून कुणी गोड काही बोलायचं नाही. पाय झाकून बस, एवढंच. तेवढ्यावर तिनं महिने काढले होते. कंपनी बदलण्याच्या अर्जावरही तोच शब्द ठळक छापलेला होता, काम्बिओ, बदल. त्यावर सही करताना तिला काही आठवलं नव्हतं. तो किनाऱ्यावर आला आणि हा शब्दच घरातून गेला. मग दोघं एकाच वेळी बोलायची आणि एकाच वेळी गप्प व्हायची.

तिनं घसा साफ केला. "झाकलेत पाय," ती जिन्यात म्हणाली. आणि थोड्या वेळानं, कुणी ऐकत नाही ना असं बघून, "काम्बिओ."

 खाली हीटर टकटकला नाही, ओव्हन बंद होईपर्यंत.

वसंतात आमारोच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं. त्यासाठी तो उशियाकडं कोरुन्याला गेला. जाताना म्हणाला, "माझा फ्रिज चालू ठेव, गळाला लावायचं आमिष आहे त्यात. बाकी सगळा भार तुझा. मजा कर."

साबेलानं मजा करायचं ठरवलं. तिनं एकाच वेळी ओव्हन, मशीन आणि इस्त्री लावली. मेन पडला नाही. सगळं आपापलं चालू राहिलं, कुणाला विचारावं लागलं नाही, आणि त्यात तिला काही गंमत वाटेना. दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि "इस्त्री करतेय!" असं म्हणून गेली. आवाज खाली गेला आणि खालीच राहिला.

आमिष नासलं तर नाही ना ते बघायला ती खाली उतरली. तो इथं राहायला लागल्यापासून तिनं हा मजला पाहिलाच नव्हता. खोली लहान, जहाजातल्या खोलीसारखी लावलेली. कप आकड्याला टांगलेला, ताटल्यांपुढं आडवी पट्टी, वादळ आलं तर पडू नयेत म्हणून. घर काही हलत नव्हतं, पण त्याचा भरवसा नसावा. ती त्याच्या खाटेच्या कडेवर टेकली. वर पाहिलं तर तिच्या गॅलरीची जमीन, म्हणजे त्याचं छत. तिथून तिला स्वतःची पावलं ऐकू येतील असं उगीच वाटलं. ती आडवी झाली. उशीला इंजिनच्या तेलाचा आणि साबणाचा वास होता. खिडकीतनं खाडीचं पाणी छतावर हलत होतं, आणि बघता बघता खाटही हलायला लागली, हळू, भरतीला लागलेल्या होडीसारखी. तिला झोप लागली. झोपेत ती कुठल्यातरी लांबच्या गार समुद्रावर होती आणि किनाऱ्यावरच्या एका बाईशी बोलायची आपली पाळी कधी येते याची वाट बघत होती.

जागी झाली तेव्हा दुपार उतरली होती. तिनं चादर सारखी केली, आमिष बाहेर फेकलं, आणि वर आली.

आमारो शनिवारी बसनं परतला, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. बागेच्या फाटकाची कडी त्याला दोनदा चुकली. साबेला वरून बघत होती.

"वर ये," ती म्हणाली. "एका डोळ्यानं तू चूल पेटवशील आणि घर पेटेल."

तो वर आला आणि दाराशीच थांबला. भांडी कुठल्या कपाटात आहेत ते त्यानं पाहिलं, हात लावला नाही, आणि दाखवलेल्या खुर्चीत बसला. तिनं मटार आणि डुकराच्या मांसाचा रस्सा वाढला. पहिल्यांदा काटा त्यानं ताटलीच्या बाहेर टोचला.

"आमिष टाकलं मी. घाण वास सुटला होता."

"खाली गेली होतीस?"

"गेले होते. तुझ्या खाटेवर झोपलेसुद्धा. काय करणार आहेस?"

आमारोनं पावाचा तुकडा मोडला. "गादी टणक आहे ती," तो म्हणाला. "आधी सांगायचं होतंस, दुसरी घालून ठेवली असती."

तेवढ्यात उशियाचा फोन आला. बाबा पोचले का, औषध घेतलं का. मागून त्याचा खोकला ऐकू आला तशी उशियानं विचारलं, "आई, ते तुझ्याकडं वर आहेत? तुम्ही दोघं पुन्हा एकत्र राहायला लागलात की काय?"

"आम्ही एका मीटरवर आहोत," साबेला म्हणाली. "मीटरचं काय ते विचार, बाकी विचारू नकोस."

फोन ठेवून वळली तर आमारो खुर्चीतच झोपला होता, हनुवटी छातीवर, हातात पाव. आंघोळघरात कपड्यांचा ढीग होता आणि शनिवार होता, मशीन लावायला याहून चांगला दिवस नव्हता. साबेलानं ढिगाकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. ते पिळायला लागलं की सगळी फरशी हादरते. तिनं त्याच्या हातातला पाव हळूच काढून घेतला, समोरची खुर्ची आवाज न करता ओढली आणि बसून राहिली. कपडे सोमवारी धुतले गेले, भर शिखरावर, दहा-अकरा वाजता.